उल्का बघायच्या कधी, कुठं आणि कुणीकडं तोंड करून?

या वेळच्या पत्रांत आभाळाचे प्रश्न बरेच आहेत, आणि त्यातले बहुतेक उल्कावर्षावाचे. येत्या डिसेंबरात, म्हणजे २०२६ च्या, योग इतका चांगला जुळून आलाय की बाकीच्या विषयांची पत्रं मी पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवली आहेत. खानापूर तालुक्यातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होते तेव्हा मुलांना घेऊन गावाबाहेरच्या माळावर बसायची, आता बेळगावात शहापूरच्या घराच्या स्लॅबवर बसते. आपल्या भागातून जे खरोखर दिसतं, ते धरूनच उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : ऑगस्टमध्ये मोबाईलवर सगळीकडं येत होतं की १२ तारखेच्या रात्री ताऱ्यांचा पाऊस पडणार, तासाला शंभर उल्का दिसणार. मी आणि भाऊ स्लॅबवर जाऊन बसलो. ढग आणि भुरभुर, दुसरं काही नाही. आपल्याकडं उल्कावर्षाव दिसतच नाही का?
(कॉलेजची विद्यार्थिनी, निपाणीजवळून)

दिसतो गं, चांगला दिसतो. पण ऑगस्टचा वर्षाव आपल्या वाट्याला फारसा येत नाही, आणि त्यात तुम्हा दोघांचं काही चुकलेलं नाही.

तू ज्याची वाट बघत बसलीस तो ययाती तारकासमूहातला वर्षाव. स्विफ्ट-टटल नावाचा धूमकेतू साधारण १३३ वर्षांनी एकदा सूर्याजवळून जातो. शेवटचा १९९२ साली जाऊन आला. त्यानं वाटेत सोडलेल्या धुळीच्या पट्ट्यातून पृथ्वी दर ऑगस्टला जाते. युरोप-अमेरिकेत तेव्हा उन्हाळा असतो, रात्री उबदार, आभाळ मोकळं. तिथले लोक त्याचं कौतुक करतात ते योग्यच आहे, पण तेच कौतुक जसंच्या तसं आपल्या मोबाईलवर येऊन पडतं. आपल्याकडं तो आषाढ-श्रावणाचा पाऊस. निपाणीत भुरभुर, खानापुरात धार, आणि कणकुंबीकडं तर दिवसासुद्धा सूर्य दिसायची मारामार. यंदा १२ ऑगस्टला अमावास्या होती, अंधार याहून चांगला मिळणार नव्हता, तरी ढगांपुढं काय चालतं? आणि समजा ढग नसते, तरी ययाती हा बराच उत्तरेकडचा समूह. आपण विषुववृत्तापासून जेमतेम १६ अंशांवर राहतो. आपल्याकडून तो आभाळात निम्म्यापर्यंतच चढतो, तेही उजाडता उजाडता.

आपला वर्षाव डिसेंबरातला, मिथुन राशीतला. १३ आणि १४ डिसेंबर या त्याच्या भराच्या रात्री. पाऊस संपून आभाळ धुऊन निघालेलं असतं, थंडी पडलेली असते, आणि मिथुनेतला तो बिंदू, जिथून उल्का निघाल्यासारख्या वाटतात, आपल्याकडं पहाटे अडीचच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतो. लंडनच्या माणसाला त्यासाठी ढगांची आणि गोठवणाऱ्या थंडीची परीक्षा द्यावी लागते. आपल्याला एक वाकळ पुरते.

या वर्षावाचा उगम धूमकेतूत नाही, हे त्याचं आणखी एक वैशिष्ट्य. इ.स. १८६२ पासून लोक या उल्का नोंदवत होते, पण त्यांचा धनी कोण ते कळत नव्हतं. १९८३ साली इरास या उपग्रहाच्या छायाचित्रांत फेथन नावाचा लघुग्रह सापडला. पाच-सहा किलोमीटर व्यासाचा हा दगड दर सुमारे १.४ वर्षांनी सूर्याला फेरी घालतो आणि त्या फेरीत बुधाच्याही आत शिरतो. त्याची कक्षा आणि या उल्कांची कक्षा एकच निघाली. उल्का येतात त्या सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगानं. ऐकायला हा वेग भयंकर वाटतो, पण उल्कांच्या मानानं तो संथ. ऑगस्टच्या उल्का सेकंदाला ५९ किलोमीटरनं जातात, नोव्हेंबरच्या सिंहेतल्या ७१ नं. म्हणून डिसेंबरची उल्का ‘अगं, तिकडं बघ’ म्हणेपर्यंत कधी कधी दिसत राहते. पहिल्यांदा बघणाऱ्याला, लहान मुलांना, चष्मा शोधत बसणाऱ्या आजोबांना याच उल्का दाखवाव्यात.

आता तारीख आणि तिथी. उल्कावर्षावाची तारीख संक्रांतीसारखी सूर्याशी बांधलेली असते, त्यामुळं दरवर्षी तीच राहते. बदलतो तो चंद्र. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरात १३ डिसेंबरच्या चौकोनात तिथी कोणती आहे ते आधी बघायचं. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास मावळतो, वद्य अष्टमीचा त्याच सुमारास उगवतो, आणि पौर्णिमा असली की रात्रभर उजेड. यंदा १३ डिसेंबरला रविवार आहे आणि मार्गशीर्षाचा शुद्ध पक्ष नुकताच लागलेला, चंपाषष्ठीच्या अलीकडचे दिवस. चंद्रकोर रात्री दहाच्या आसपास मावळून जाते, पुढं उजाडेपर्यंत पूर्ण अंधार. पुढच्या वर्षी, २०२७ ला, १३ डिसेंबरला नेमकी मार्गशीर्ष पौर्णिमा, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेची. त्या रात्री चांदण्यात बारीक उल्का सगळ्या बुडून जाणार. म्हणून म्हणते, यंदाची रविवारची रात्र सोडू नकोस. सोमवारी लेक्चर असेल तर दहा ते बारा बस. सोमवारची रात्रही जवळपास तितकीच चांगली आहे.

आणि ते ‘तासाला शंभर’ काय आहे तेही सांगते. वर्षावाचा बिंदू बरोबर डोक्यावर, आभाळ संपूर्ण काळं, एकही ढग नाही, असं धरून तो आकडा काढतात. मिथुनेच्या बाबतीत तो १२० ते १५० सांगतात. गावाबाहेर, दिव्यांपासून लांब, रात्री दोनच्या सुमारास एका माणसाला तासात चाळीस-पन्नास दिसल्या तर ती फार छान रात्र समज. शहरात दहा-पंधरा. त्याही सारख्या अंतरानं येत नाहीत. दहा मिनिटं काही नाही, आणि मग लागोपाठ तीन. दहा मिनिटं रिकामी गेली म्हणून उठून खाली जाणाऱ्याला कधीच काही दिसत नाही.

प्रश्न : रात्री थ्री फेज लाईट येते तेव्हा मी उसाला पाणी पाजायला जातो. दारं धरताना तुटते तारे कायम दिसतात. पण बाराच्या आधी एखाद-दुसरा, आणि दोन-तीन वाजता जास्त. हे कसं काय? आणि नेमकं कुठल्या बाजूला बघावं?
(शेतकरी, चिकोडी तालुका)

तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, आणि यंत्राशिवाय, नुसत्या शेतात उभं राहून तुम्ही ते केलंय, याचं मला मोठं कौतुक वाटतं.

पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगानं धावते. संध्याकाळी आपण तिच्या मागच्या बाजूला असतो. मध्यरात्रीनंतर स्वतःभोवती फिरत फिरत आपण पुढच्या बाजूला येतो, आणि पहाटे तर बरोबर तोंडाशी. पहिला पाऊस पडून गेल्यावर संध्याकाळी मोटरसायकलवरून जाताना पाखरं तोंडावर आदळतात, पाठीवर नाही, तसंच हे. मागच्या बाजूला फक्त तीच धूळ पोचते जी पृथ्वीला गाठण्याइतकी वेगानं येते. पुढच्या बाजूला वाटेत आलेली सगळी धूळ आपणच गोळा करतो. वर्षाव नसलेल्या साध्या अंधाऱ्या रात्रीसुद्धा तासाला पाच-दहा भटक्या उल्का दिसतात, त्यातल्या जास्त पहाटेच्या.

मिथुनेच्या वर्षावाला मात्र एक सवलत आहे. तो बिंदू रात्री आठच्या सुमारासच ईशान्येला उगवतो, दहापर्यंत बराच वर येतो. त्यामुळं मध्यरात्रीपर्यंत थांबणं भाग नाही. आठ-नऊला संख्या कमी असते, पण त्या वेळच्या उल्का वातावरणाला घासून तिरप्या जातात, लांबलचक रेघ ओढत. पाच-सहाच दिसतील, पण लक्षात राहतील.

बाजूचं सांगते. मिथुन ओळखायची असेल तर आधी मृग शोधा. मृगाच्या चौकोनात एका कोपऱ्याला निळसर ठळक तारा आहे, त्याच्या समोरासमोरच्या कोपऱ्याला तांबूस. निळ्याकडून तांबड्याकडं रेघ ओढून तशीच पुढं नेली की शेजारी शेजारी असलेले दोन ठळक तारे लागतात. तेच पुनर्वसू. त्यातल्या उत्तरेकडच्या ताऱ्याजवळ हा बिंदू.

तो ओळखा, आणि मग त्याच्याकडं बघत बसू नका. सगळ्यात जास्त लोक इथंच फसतात. बिंदूजवळची उल्का जवळजवळ आपल्याच दिशेनं येत असते, म्हणून ती तोकडी दिसते, नुसता ठिपका चमकून विझावा तशी. लांब रेघा दिसतात त्या बिंदूपासून बऱ्याच अंतरावर, आभाळाच्या कुठल्याही भागात. म्हणून बघायचं तिकडं जिथं आभाळ सगळ्यात काळं आहे, आणि क्षितिज ते डोकं या उंचीच्या निम्म्याहून थोडं वर. क्षितिजालगत बघण्यात अर्थ नाही, तिथं हवेचा आणि धुळीचा थर जाड असतो. अडीच-तीनला बिंदूच डोक्यावर आला की मग दिशेचा प्रश्नच उरत नाही. उताणं पडायचं आणि जेवढं आभाळ डोळ्यांत मावेल तेवढं घ्यायचं.

तुमच्या भागात डिसेंबर म्हणजे कारखान्यांचा हंगाम. कारखान्याचा उजेड आणि चिमणीचा धूर ज्या दिशेला असेल ती पाठीकडं टाका. उसाच्या ट्रॉल्या जातात तो रस्ताही पाठीकडं. बॅटरी लागणारच, कारण पाण्यात आणि सरीत पाय कुठं पडतोय ते दिसलं पाहिजे. तिच्या काचेवर पतंगाचा लाल कागद दोन घड्या करून रबरानं बांधा. डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो, आणि पांढरा उजेड एकदा डोळ्यांत गेला की सगळं पहिल्यापासून. मंद लाल उजेडानं तेवढं नुकसान होत नाही. मोबाईल खिशात राहू द्या.

प्रश्न : मी वडगावात पॉवरलूमवर रात्रपाळी करतो. दीड-दोनला सुटतो. आमच्या गल्लीत खांबावर पांढरे एलईडी दिवे. गावाकडं जायला गाडी नाही. घराच्या टेरेसवरून काही दिसेल का?

दिसेल. मी स्वतः शहरातूनच बघते. आणि तुमची सुटायची वेळ तर या कामाला सगळ्यात उत्तम आहे. त्या वेळेला मिथुन बरोबर माथ्यावर असते.

शहरातून बघताना दोन उजेडांचा बंदोबस्त करायचा. एक आभाळभर पसरलेला, त्याला इलाज नाही. दुसरा सरळ डोळ्यांत शिरणारा खांबावरचा दिवा, त्याला मात्र आहे. टेरेसवर पाण्याची टाकी असेल तर तिच्या सावलीत बसा, म्हणजे दिवा टाकीमागं जाईल. टाकी नसेल तर जिन्याच्या खोलीची भिंत. तीही नसेल तर दोन काठ्यांना जुनं लुगडं बांधून आडोसा करा. लूमवाल्या घरात कापडाला काय तोटा? घरातला जिन्याचा बल्ब बंद करा, शेजाऱ्यांनाही रात्रीपुरतं सांगून बघा. ‘तारे बघायचेत’ म्हटलं की लोक आनंदानं दिवा मालवतात, आणि पुष्कळदा स्वतःही वर येतात.

पाळी सुटल्यावर डोळे ट्यूबलाईटला सरावलेले असतात. घरी येऊन हातपाय धुवा, काहीतरी गरम प्या, पण मोबाईल उघडू नका. टेरेसवर जाऊन अर्धा तास नुसतं पडून राहा. खुर्चीत बसून मान वर केली तर पंधरा मिनिटांत मान धरते. सतरंजी, वर वाकळ, कानटोपी. खाली प्लास्टिकचं पोतं किंवा ताडपत्री घाला, कारण आपल्याकडं दव इतकं पडतं की पहाटे वाकळ वरून ओली आणि खालून गार होते. डोक्याखाली उशी घेतलीत की डोळे आपोआप योग्य उंचीवर जातात.

दुर्बीण कुणी देऊ केली तरी घेऊ नका. तिच्यातून आभाळाचा अगदी लहान तुकडा दिसतो. उल्का कुठं येणार ते ठाऊक नसतं, म्हणून उघड्या डोळ्यांएवढं चांगलं साधन या कामाला दुसरं नाही.

ज्यांना शहराबाहेर पडता येतं त्यांच्यासाठी एवढंच: उचगाव, तुरमुरी, बेकिनकेरेकडं बसलात तर बेळगावचा उजेड पूर्वेला येतो, म्हणून तोंड पश्चिमेकडं किंवा उत्तरेकडं ठेवा. येळ्ळूरच्या बाजूला तो उत्तरेला येतो, तिथं दक्षिणेकडं तोंड करा. सांबऱ्याकडून शहर पश्चिमेला, आणि विमानतळाचे दिवे वेगळे.

प्रश्न : माझा मुलगा चौथीत आहे. त्याला तारे तुटताना बघायचेत. पण सासूबाई म्हणतात, तुटता तारा बघू नये, कुणाचा तरी जीव जातो. त्यांना दुखवायचं नाही. काय सांगू?
(गृहिणी, खानापूर तालुका)

सासूबाईंना वाकळीवर शेजारी बसवा, आणि सुरुवात त्यांच्यापासूनच करा.

त्यांच्या पिढीला नक्षत्रं शेतीमुळं पाठ असतात. रोहिणीचा पेरा, मृगाचा पाऊस, आर्द्रा, पुनर्वसू. मृगाचा पाऊस जूनमध्ये येतो तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असतो, म्हणून मृगाचे तारे तेव्हा दिसत नाहीत. डिसेंबरात तेच मृग रात्रभर आभाळात असतं. ते मुलाला दाखवायचं काम आजीकडं द्या. बाणाचे तीन तारे, खाली व्याध, वर कृत्तिकांचा पुंजका, रोहिणीचा तांबूस तारा. मग उल्का बघा. आणि दुसऱ्या दिवशी रात्री पुन्हा सगळ्यांनी बाहेर येऊन मोजा: बाणाचे तीन आहेत का, पुनर्वसूचे दोन आहेत का, सप्तर्षी पहाटे सात आहेत का. सगळे जागच्या जागी असतील. जो तुटला तो तारा नव्हताच, हे आजींना तुम्ही सांगायची गरज पडणार नाही, त्या स्वतः सांगतील.

मुलाला नंतर एवढं सांगा की उल्का म्हणजे वाळूच्या कणाएवढा, फार तर हरभऱ्याएवढा खडा. तो जमिनीपासून साधारण १०० किलोमीटर उंचीवर हवेत इतक्या वेगानं घुसतो की त्याच्या पुढची हवा दाबली जाऊन तापते, खड्याची वाफ होते आणि तो सगळा मार्ग उजळतो. ८० किलोमीटरच्या आसपास येईतो बहुतेक खडे संपून गेलेले असतात. वर्षावातला खडा कुणाच्या शेतात पडत नाही. तुमच्याकडून पश्चिमेला, झाडांच्या जरा वर जी उल्का दिसते, ती पलीकडच्या शिवारात उतरली असं वाटतं, पण ती गोवा ओलांडून अरबी समुद्राच्या वर जळत असते. जमिनीवर पोचतात ते मोठे दगड, त्यांचा या वर्षावांशी संबंध नाही. तसा एक फार मोठा दगड फार पूर्वी बुलढाणा जिल्ह्यात पडला, त्यानं झालेलं लोणारचं सरोवर मुलाला कधीतरी अवश्य दाखवून आणा.

तुमच्या भागात मलप्रभेच्या काठच्या गावांत डिसेंबरात पहाटे धुकं दाटतं. तीन-चारची वाट बघू नका. चौथीतल्या मुलासाठी नऊ ते अकरा ही वेळ ठेवा, खळ्यात किंवा अंगणात. मळणी चालू असेल तर धूळही असते, तेव्हा जरा उंचावरची जागा बघा.

प्रश्न : आम्ही आठ-दहा मित्र १३ तारखेला रात्री चोर्ला घाटात जायचं म्हणतोय. जंगलात अंधार चांगला मिळेल ना?

अंधार मिळेल, पण जाऊ नका. जांबोटीच्या पुढं भीमगड अभयारण्याचा भाग आहे. रात्री तिथं गवे रस्त्यावर येतात, अस्वलं फिरतात, आणि वनखात्याच्या हद्दीत अंधार पडल्यावर परवानगीशिवाय थांबता येत नाही. घाटरस्त्याच्या कडेला आडवं पडून आभाळ बघणं तर जिवावर बेतेल, गोव्याच्या गाड्या रात्रभर चालू असतात. तुमच्यापैकी कुणाचं तरी गाव असेलच. त्या गावचा माळ, त्याच्या शेतातलं खळं, घरच्यांना सांगून. अंधार तिथंही पुरेसा असतो, आणि आठ-दहा जणांना चहाही मिळतो. मुली बरोबर असतील तर कुणाच्या तरी घरचं अंगण किंवा स्लॅब हीच जागा ठरवा, म्हणजे त्यांच्या घरचे निर्धास्त राहतील आणि त्यांना पहाटेपर्यंत थांबता येईल. रात्र मध्येच सोडून उठावं लागलं की निम्मी मजा जाते.

प्रश्न : डिसेंबर चुकला तर मग वर्षभर वाट बघायची का?

नाही. ३-४ जानेवारीला भूतप समूहाच्या बाजूचा एक वर्षाव असतो, पण त्याचा भर काही तासांचाच, आणि ते तास आपल्याकडं दिवसा आले तर गेलं सगळं. २२ एप्रिलच्या आसपास स्वरमंडळातला, थोडकाच. मला स्वतःला जास्त आवडतो तो मे महिन्यातला, ५-६ मेचा, कुंभ राशीतला. हॅलेचा धूमकेतू १९८६ साली येऊन गेला आणि आता २०६१ ला येणार. आपल्यातल्या पुष्कळांना तो पुन्हा दिसायचा नाही, पण त्याची धूळ दरवर्षी दोनदा भेटते: मेमध्ये कुंभेत, आणि २१ ऑक्टोबरच्या सुमाराला मृगात. मेची वेळ पहाटे चार ते पाच, पूर्वेकडं. संध्याकाळी वळीव पडला तरी पहाटे आभाळ बहुतेक वेळा उघडं असतं, आणि हवा इतकी स्वच्छ की बघतच राहावं. नोव्हेंबरच्या १७-१८ ला सिंहेतल्या उल्का, एरवी तासाला दहा-पंधरा. त्यांचा धूमकेतू ३३ वर्षांनी येतो, तेव्हा कधी कधी हजारोंनी पडतात. १८३३ साली अमेरिकेत तसं झालं होतं.

प्रश्न : हळूहळू सरकणारा ठिपका म्हणजे उल्का का? आणि मोबाईलवर फोटो येतो का?

उल्का सेकंद-दोन सेकंदांत संपते. मिनिटभर एकसारखा सरकणारा, न लुकलुकणारा ठिपका म्हणजे उपग्रह. एकामागं एक ओळीनं जाणारे ठिपके दिसले तर तेही उपग्रहच, नुकतेच सोडलेले. लुकलुकणारे लाल-हिरवे दिवे विमानाचे. फोटोसाठी मोबाईल विटेला टेकवून आभाळाकडं करा, नाईट किंवा प्रो मोडवर शटरची उघडझाप १५ ते ३० सेकंदांवर ठेवा, आणि तो आपला आपण फोटो काढत राहील अशी सोय करून बाजूला व्हा. स्क्रीनकडं बघत बसू नका.

प्रश्न : आमच्या हायस्कुलात विज्ञान मंडळ आहे. मुलांकडून या रात्री काही नोंद करून घेता येईल का, की नुसतं बघून यायचं?
(शिक्षक, बेळगाव तालुका)

सर, जरूर करून घ्या. उल्कांची मोजणी ही अशी गोष्ट आहे की तिथं शाळेतल्या मुलाची वहीसुद्धा उपयोगाची ठरते. १९८८ पासून आंतरराष्ट्रीय उल्का संघटना जगभरच्या हौशी लोकांच्या नोंदी गोळा करते, आणि वर्षावाचा भर कधी आला, धूळ कुठं दाट आहे, ते त्यातूनच ठरतं. साधन काहीच लागत नाही.

चार मुलांचा एक गट करा, पण मोजणी प्रत्येकाची वेगळी. दुसऱ्यानं ओरडून सांगितलेली उल्का आपल्या वहीत घ्यायची नाही, हा नियम आधी पक्का करा, नाहीतर सगळी नोंद वाया जाते. बसल्याची वेळ आणि उठल्याची वेळ घड्याळ बघून लिहायची, मध्ये उठलं तर तेवढी मिनिटं वजा. दर पंधरा मिनिटांना नवी ओळ. उल्का दिसली की तिची रेघ मनातल्या मनात मागं न्यायची. ती पुनर्वसूकडं पोचली तर ‘मि’, नाहीतर ‘भ’, म्हणजे भटकी. शेजारच्या कुठल्या ताऱ्याएवढी तेजस्वी होती तेही लिहायचं: व्याधाएवढी, रोहिणीएवढी, की बाणाच्या ताऱ्याएवढी. वहीकडं न बघता, अंधारातच मोठ्या अक्षरात लिहायची सवय मुलं फार लवकर लावून घेतात.

आणि आभाळ किती काळं होतं याचीही नोंद हवी, त्याशिवाय दोन गावांची तुलना करता येत नाही. दहा-साडेदहाला कृत्तिका जवळजवळ डोक्यावर असतात. त्यातले किती तारे सुटे दिसतात ते प्रत्येक मुलानं मोजावं. सहा दिसले तर आभाळ चांगलं, तीन-चार असले तर दिव्यांचा त्रास आहे. खानापूरच्या मुलाच्या वहीत सहा आणि टिळकवाडीच्या मुलाच्या वहीत तीन असे आकडे शेजारी शेजारी मांडले, की रस्त्यावरच्या दिव्यांना वरून झाकणं हवीत हे मुलं स्वतःच पंचायतीला आणि महापालिकेला लिहितील.

पालकांची लेखी संमती, गरम कपडे, आणि दहावीच्या मुलांना बारानंतर घरी, एवढं पाळा. भरलेल्या वह्यांच्या झेरॉक्स मासिकाच्या पत्त्यावर २५ डिसेंबरपर्यंत पाठवा. वर गावाचं नाव, बसायची जागा आणि वेळ लिहिलेली असू द्या. इतर वाचकांनीही पाठवाव्यात, एका ओळीची नोंद असली तरी चालेल. सगळ्यांचे आकडे गावनिहाय मांडून फेब्रुवारीच्या अंकात देते.